रस्ता ९ मीटरचा झाला, पण खालची गिरणी कुठे गेली?

प्रति,
महापौर, महापालिका आयुक्त, शहर सुधारणा समितीचे सगळे सदस्य आणि बांधकाम परवानगी विभाग,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार,

पत्र लांब होणार आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं या शहरात सभागृहच नव्हतं, सगळा कारभार प्रशासकाकडे होता, आणि नेमकी त्याच काळात आमच्या भागात गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंटची पत्र्याची कुंपणं उभी राहिली. आता निवडणूक झालीय, विचारायला समोर माणूस आहे, म्हणून लिहितेय. दुसरं कारण म्हणजे जुन्या हद्दीचा डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा, २००७ ते २०२७ या काळासाठी आहे. त्याला सरकारची मंजुरी मिळाली ५ जानेवारी २०१७ ला, म्हणजे अर्धा काळ सरल्यावर. तर पुढच्या प्लॅनची चर्चा आत्तापासूनच व्हायला हवी, आणि ती फक्त बिल्डर, आर्किटेक्ट आणि तुमच्यात नको.

मला मुख्य गोष्ट एकच सांगायचीय. आज कुठल्या प्लॉटवर किती मजले येणार आणि खाली दुकानं येणार, ऑफिस येणार की रात्री दीडपर्यंत चालणारं रेस्टॉरंट येणार, हे बहुतेक करून समोरचा रस्ता किती मीटरचा आहे यावर ठरतं. त्या भागात पाणी किती येतं, ड्रेनेजची लाइन किती जुनी आहे, पोरांना खेळायला जागा आहे का आणि आधीपासून तिथे कोण काय धंदा करतंय, या गोष्टी परवानगीच्या कागदावर जवळपास येतच नाहीत. हे बदला. घरं आणि दुकानं एकत्र असायलाच हवीत, त्याला माझा विरोध नाहीच, उलट ती नीट असावीत म्हणून तर हे सगळं लिहितेय.

आधी नियमाचं सांगते, कारण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने युनिफाइड नियमावली आणली, यूडीसीपीआर. मुंबई सोडून जवळपास सगळ्या महाराष्ट्राला एकच पुस्तक. त्यातला मूळ तक्ता बघा. गावठाणाबाहेर, ९ मीटरपेक्षा लहान रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१०, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता ९ मीटरचा झाला की सगळं धरून २.०० पर्यंत जाता येतं आणि ३० मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर ३.०० पर्यंत. त्याच्या वर परत अ‍ॅन्सिलरी एफएसआय, म्हणजे जिना, बाल्कनी अशा जागांसाठीचा जादा, घरांना ६० टक्के आणि दुकानं-ऑफिसांना ८० टक्के. मी काही इंजिनिअर नाही, सोसायटीच्या कमिटीत आहे म्हणून हे सगळं वाचायला लागलं. आणि वाचल्यावर कळलं की आमच्या गल्लीचं पुढच्या पन्नास वर्षांचं काय होणार हे एका टेपने मोजून ठरतं.

मोजलीसुद्धा. आमची गल्ली नकाशावर ६ मीटरची आहे. प्रत्यक्षात एका बाजूला उघडं गटार, त्यावर टाकलेल्या फरश्या, त्यावर उभ्या स्कूटर, महावितरणची डीपी (हो, ती पण डीपीच) आणि कोपऱ्यावर पार असलेलं वडाचं झाड. टेप धरून उभं राहिलं की चालायला किती उरतं ते डोळ्यांना दिसतं, गाडी आली की माणूस पारावर चढतो. आता अशाच गल्ल्यांसाठी २०२० मध्ये महापालिकेत ठराव आला होता, आठवत असेल तुम्हाला, ६ मीटरचे ३२३ रस्ते महापालिका कायद्याच्या कलम २१० खाली ९ मीटर करायचे. केवढा गदारोळ झाला त्याच्यावर. एक बाजू म्हणत होती जुन्या सोसायट्यांना टीडीआर मिळेल, रिडेव्हलपमेंट होईल. दुसरी म्हणत होती ठरावीकच रस्ते का, सगळ्या शहराचा एकत्र विचार का नाही. खरं सांगायचं तर दोघांचंही काही ना काही बरोबर होतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या बिल्डिंगी गळतायत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. रिडेव्हलपमेंट हवंच. पण प्रत्येक प्लॉटने पुढचा दीड मीटर सोडला म्हणून रस्ता लगेच ९ मीटर होत नाही ना, शेजारचा प्लॉट सोडेपर्यंत तो दातेरीच राहतो, त्या खाचांमध्ये गाड्या लागतात, आणि तोवर बिल्डिंग मात्र ९ मीटरवाली होऊन उभी असते आणि तिच्यात लोक राहायलाही आलेले असतात.

आता गिरणीचं. आमच्या चौकात एका जुन्या बिल्डिंगच्या खाली पाच गाळे होते. पिठाची गिरणी, वाणी, इस्त्रीवाला, शिलाईचं दुकान आणि एक झेरॉक्स-स्टेशनरी. बिल्डिंग पाडली, नवीन झाली, छान आहे, लिफ्ट आहे, जनरेटर आहे. खाली काय आलं? पार्किंग, आणि त्याच्यावर परत पार्किंग. गिरणीवाले भाड्याने होते, निघून गेले. इस्त्रीवाला आता पुढच्या रस्त्यावर फुटपाथला टेबल टाकून बसतो आणि अतिक्रमणची गाडी आली की टेबल उचलून पळतो. म्हणजे जो माणूस काल छपराखाली कायदेशीर धंदा करत होता, तो आज अतिक्रमण झाला, आणि हे करायला त्याने काही केलेलं नाही. इकडे मोठ्या रस्त्यावर मात्र तीन-तीन मजले कमर्शियल येतंय, शोरूम, कॅफे, जिम, को-वर्किंग. तिथे गिरणीला भाडं परवडणार आहे का? आता दळण आणायला रिक्षा करायला लागते. गल्लीतून दुकानं उठली की त्या प्रत्येक दुकानामागे शंभर घरांच्या गाड्या बाहेर निघतात, मग ट्रॅफिक वाढला म्हणून परत रस्ता रुंद करा, रुंद केला की परत एफएसआय. याचा शेवट कुठे?

आपल्या शहराला मिक्स्ड-यूज, म्हणजे घरं-दुकानं एकत्र, हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नव्हती. पेठांमध्ये वाड्याच्या पुढच्या सोप्यात दुकान, मागे चौक, वर बिऱ्हाडं असंच होतं आणि लक्ष्मी रोड, कुमठेकर रोड, रविवार पेठ अजूनही बऱ्याच प्रमाणात त्यावरच चाललंय. तिथे अडचणी नाहीत असं नाही, पार्किंगचे हाल आहेत, आगीचा बंब आत जाईना अशी बोळं आहेत. पण म्हाताऱ्या माणसाला औषध, भाजी, चहा पायी मिळतो. आणि नव्या काळातलं उदाहरण हवं असेल तर मगरपट्टा आहे की. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरच्या आसपास जमीन एकत्र केली, तुकड्या-तुकड्याने विकली नाही, आणि घरं, शाळा, दवाखाना, आयटी ऑफिसं, बाग असं सगळं एकाच आराखड्यात बसवलं. त्याच्यावरही टीका होऊ शकते, गेटच्या आतलं शहर आहे ते, घरं सगळ्यांना परवडणारी नाहीत. पण आधी आराखडा आणि मग बांधकाम हा क्रम तिथे पाळला गेला, आणि पुढाकार जमीनमालकांचाच होता. बाकी शहरात आपण बरोबर उलटं करतो.

उलटं म्हणजे किती उलटं ते गावांचं बघा. १९९७ मध्ये गावं हद्दीत आली, त्यातली काही नंतर वगळली, उरलेल्या २३ गावांचा डीपी तुकड्या-तुकड्यात मंजूर होत राहिला, टेकड्यांवरच्या बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षणाचा निर्णय व्हायला २०१५ उजाडलं. म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं. तेवढ्या वेळात टेकडीच्या उतारांवर गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकले गेले, घरं झाली, त्या लोकांनी आयुष्याची पुंजी घातली, आता त्यांना बेकायदेशीर म्हणायचं आणि टेकडी पण गेली. मग २०१७ मध्ये ११ गावं, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झालो म्हणून बातम्या आल्या. आणि त्या नव्या २३ गावांचं नियोजन कुणाकडे दिलं? पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). म्हणजे बांधकामाची परवानगी एका ऑफिसातून, आणि पाणी, कचरा, ड्रेनेज, मालमत्ताकर महापालिकेकडे. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप डीपी काढला, त्याच्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, कोर्टकज्जे झाले आणि २०२५ मध्ये तो सगळा बासनात गेला. लोकांनी रजा टाकून, नकाशांच्या प्रिंट काढून, वकिलाला पैसे देऊन हरकती नोंदवल्या होत्या.

या दोन ऑफिसांच्या मधली फट कुणाच्या वाट्याला येते, तर तिथे घर घेणाऱ्याच्या. माझी धाकटी बहीण शहराच्या दक्षिण कडेला राहते, बिल्डरचं नाव घेत नाही, कारण बऱ्याच स्कीमची हीच कथा आहे. बुकिंग करताना ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल होता. राहायला गेल्यावर कळलं की पाण्याची लाइनच नाही, परवानगी घेताना बिल्डरने हमीपत्र दिलेलं होतं की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवेन. सोसायटी हँडओव्हर झाली आणि हमीपत्र फाइलमध्ये राहिलं. आता सकाळी टँकरचा पाइप गेटमधून आत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, वॉचमन वहीत सही घेतोय, आणि मेंटेनन्समधला मोठा हिस्सा त्यातच जातो. टँकर कुठून भरला ते कुणी विचारत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) पेशंट वाढले तेव्हा सगळ्यांना एकदम प्रश्न पडला की आपल्या नळाला येणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येतं की विहिरीतून नुसतं क्लोरीन टाकून. बिल्डिंगी उभ्या राहून कित्येक वर्षं झाल्यावर पडला हा प्रश्न. खरं म्हणजे हा प्रश्न कमेन्समेंट (बांधकाम सुरू करायची परवानगी) देतानाच पडायला हवा, आणि तुम्हाला पडायला हवा.

म्हणून पहिली मागणी हीच की हमीपत्रावर परवानगी देणं बंद करा. पाणीपुरवठा विभागाने लेखी द्यावं की या प्लॉटला अमुक लाइनवरून अमुक इतकं पाणी देऊ शकतो, आणि देऊ शकत नसाल तर तितक्याच घरांना परवानगी द्या जितक्यांना पाणी आहे. मला माहितीय की याच्यावर म्हणतील विकास थांबेल. थांबू दे थोडा. खडकवासला साखळीत चार धरणं आहेत, पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला, चारही भरली तरी साठा २९ टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास, आणि त्यातच दौंड-इंदापूरच्या शेतीचा वाटा आहे. एफएसआय वाढवून धरण वाढत नाही.

पाण्याचीच दुसरी बाजू म्हणजे पूर. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आंबिल ओढ्याच्या काठचं कुणी विसरणार नाही आणि जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत लोक कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आले. ओढा नकाशावर सरळ रेघ मारून वळवता येतो, पावसाला ती रेघ माहीत नसते. निळी रेषा, लाल रेषा, म्हणजे नदीच्या पुराच्या हद्दी, याच्या आत नवीन बेसमेंट पार्किंग तरी देऊ नका, एवढं तर करता येईल.

आता आवाज. हा विषय कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर-बालेवाडीचे लोक किती वर्षं सांगतायत. बिल्डिंगच्या खाली रेस्टॉरंट, साइड मार्जिनमध्ये शेड टाकून टेबलं, टेरेसवर परत हॉटेल, आणि मधल्या चार मजल्यांवर माणसं झोपायचा प्रयत्न करतायत. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. मग खाली दुकान वर घर असेल तर कुठला आकडा लागू? नियमातच लिहिलंय की मिश्र वापराचा भाग कुठल्या प्रकारात मोडतो ते सक्षम प्राधिकाऱ्याने जाहीर करावं. तर मिक्स्ड-यूजची परवानगी देतानाच जाहीर करून टाका ना की ज्या बिल्डिंगमध्ये वर घरं आहेत तिथे रात्री ४५ च. सरळ परवानगीच्या अटीत लिहा. पोलीस महापालिकेकडे बोट दाखवणार आणि महापालिका एक्साइजकडे, हे लोकांना फार झालं.

आणि दुकानांमध्ये फरक करा. गिरणी, वाणी, दवाखाना, पाळणाघर, इस्त्री, शिवणकाम, डब्याचं स्वयंपाकघर, लायब्ररी हे गल्लीत हवं, रस्ता ६ मीटरचा असला तरी हवं, आणि रिडेव्हलपमेंटमध्ये जुना गाळा होता तर तेवढा गाळा खालीच परत मिळाला पाहिजे, भाडेकरूला पहिला हक्क देऊन. त्यासाठी अ‍ॅन्सिलरी एफएसआयमध्ये सवलत द्यायची तर इथे द्या, शोरूमला कशाला? दारू, डीजे, टेरेस हॉटेल, गोडाऊन, मोठं क्लाउड किचन हे मात्र घरांच्या भिंतीला भिंत लावून नको, रस्ता ३० मीटरचा असला तरी. आजच्या नियमात वापर कुठला आणि रस्ता केवढा याची सांगड आहे, पण वापराने शेजाऱ्याला त्रास किती याची नाही.

मेट्रोच्या ५०० मीटरच्या पट्ट्याबद्दल पण बोलायचंय. स्टेशनजवळ दाट वस्ती असावी, ४ पर्यंत एफएसआय द्यावा, हे तत्त्व म्हणून मला पटतं. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा दुसरा मार्ग झाला, लोक वापरतायत. पण त्या पट्ट्यात जर चार-चार पार्किंगवाले मोठे फ्लॅटच येणार असतील तर त्यात राहणारा मेट्रोने जाणार आहे का? मेट्रोने जाणारी माणसं म्हणजे नर्स, सेल्समन, कॉलेजची पोरं, ऑफिसातले क्लार्क, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई. त्यांना परवडतील अशी छोटी घरं, भाड्याच्या खोल्या, वर्किंग विमेन हॉस्टेल त्या ५०० मीटरमध्ये सक्तीने ठेवा. चार हजार चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला २० टक्के छोट्या घरांचा नियम आहेच, स्टेशनच्या पट्ट्यात लहान प्लॉटलाही काहीतरी प्रमाण लावा.

मोकळ्या जागांचं थोडक्यात. २०२१ मध्ये अ‍ॅमेनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या जागा) तीस वर्षांच्या कराराने खासगी लोकांना भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला होता, विरोध झाला. तो विषय परत आणू नका. डीपीत मैदान-बागेसाठी आरक्षण टाकून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो आणि मुदतीत पालिका हलली नाही की आरक्षण रद्द. मैदानाच्या जागी टॉवर येतो तेव्हा आम्हाला कळतं की मैदान कागदावर होतं. कुठल्या आरक्षणावर १२७ ची नोटीस आलीय त्याची यादी दर महिन्याला प्रभागात लावा. आमच्यातलेच लोक पाठपुरावा करतील.

आणि हे सगळं कोण ठरवणार? माझं म्हणणं, प्रभागाने ठरवावं, तुमच्या तज्ज्ञांच्या मदतीने. २०१३ मध्ये जुन्या हद्दीचा प्रारूप डीपी आला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या होत्या. म्हणजे पुणेकरांना पडलेली नाही असं कुणी म्हणू नये. पण एवढ्या हरकतींची सुनावणी म्हणजे माणशी काही मिनिटं, आणि शेवटी २०१५ मध्ये सरकारने डीपीच पालिकेकडून काढून घेतला. शेवटच्या टप्प्यावर हरकत घ्यायला लावण्यापेक्षा सुरुवातीलाच बसवा आम्हाला. क्षेत्रसभेची (भागातल्या मतदारांच्या सभेची) तरतूद कायद्यात २००९ पासून आहे, एकदा तरी घेऊन बघा. याच पुण्यात २००६ पासून नागरिक अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामं सुचवतायत, बेंच कुठे हवा ते आम्हाला विचारता, मग त्या बेंचसमोर दहा मजली बिल्डिंग येणार का पाळणाघर हेही विचारा.

डीपीत बदल करायचा असेल तेव्हा नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची नोटीस कुठल्यातरी पेपरच्या आतल्या पानावर सर्व्हे नंबर टाकून येते आणि हरकतीला एक महिना मिळतो. सर्व्हे नंबर कुणाला पाठ असतात? त्या जागेवरच मोठा बोर्ड लावा, मराठीत, नकाशासकट, आत्ता काय आहे आणि काय करायचं ठरलंय असं. शेजारच्या सोसायट्यांना पत्र पाठवा, मालमत्ताकराचं बिल पाठवता तसंच.

आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. खाली दोन गाळे ठेवायचे, एक गिरणीसाठी आणि एक दवाखान्यासाठी, असा ठराव मी मांडणार आहे. बिल्डर म्हणेल की या रस्त्यावर नियमात बसत नाही, किंवा बसलं तरी परवडत नाही. तेव्हा त्याला दाखवायला तुमचं एक परिपत्रक माझ्या हातात असावं एवढं करा. मसुदा आम्ही करून देतो, त्यावर शहर सुधारणा समितीत चर्चा ठेवा, तारीख कळवा, आम्ही येतो.

आपली,
कर्वेनगरमधली एक करदाती